तीन दिवस एकोणचाळीस

मुकुंदरावांनी तांबड्या पेन्सिलीला टोक केलं, छापील कागदांच्या सातव्या पानावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: अशक्य. मग एवढ्यानं भागणार नाही असं वाटून त्याखाली आणखी एक रेघ मारली.

“आज कुणाला नापास केलंत?” आतून दमयंतीबाईंनी विचारलं.

त्या पिंपात पाईप सोडून उभ्या होत्या. पाण्याचा दिवस होता. आठवड्यानं नळ यायचा, आणि तो आला की बाकीची सगळी कामं, पाहुणे आणि दुखणी बाजूला ठेवायची असा त्यांचा दंडक होता. मुकुंदरावांना मात्र त्यातून सूट होती, कारण मागच्या खेपेला त्यांनी पाईप पिंपाऐवजी पिंपाशेजारी सोडला होता.

“नापास नाही. खोटं बोलतेय ही मुलगी.”

“कोण मुलगी?”

“ज्ञानेश्वरी कोळेकर. तो मदरबोर्डचा ड्रायव्हर पाठवणारी.”

बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यापासून मुकुंदराव एकच काम करत आणि तेही फुकट. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरातली माणसं मिळून लिहितात. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. संगणकाच्या मदरबोर्डावरचे तापमानाचे सेन्सर वाचणारा एखादा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कुणी लिहिला, की तो आधी एका मेलिंग लिस्टवर येतो, सहाशे माणसं तो वाचतात, आणि मुकुंदरावांनी त्याखाली ‘तपासले’ अशी ओळ लिहिल्याशिवाय तो कर्नलात जात नाही. पगार शून्य, पण दरारा जबर. त्यांचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते आणि आलेली कागदपत्रांची प्रत्येक मिसल त्रुटी काढून परत पाठवत. घराण्यात जमीन टिकली नाही, भांडी टिकली नाहीत, त्रुटी काढायची कला तेवढी टिकली. लिस्टवरचे लोक पडद्यावर वाचतात. मुकुंदराव सगळं छापून घेत आणि तांबडी पेन्सिल हातात धरत. पाहिल्याशिवाय आपलं नाव द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो ते इतरांना वारंवार ऐकवत.

कोळेकरबाईंचा ड्रायव्हर जानेवारीत आला होता. मुकुंदरावांनी तो पाच वेळा परत पाठवला. पहिल्यांदा मोकळ्या जागा जास्त होत्या म्हणून, दुसऱ्यांदा कमी होत्या म्हणून. तिसऱ्यांदा नावं पटली नाहीत. चौथ्यांदा तर त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा ओळी लिहून दिल्या आणि वर बजावलं, ‘हे जसंच्या तसं वापरावं.’ दर वेळी दोन दिवसांत उत्तर यायचं: ‘होय सर’, आणि खाली दुरुस्ती. एका शब्दानं वाद नाही. वाद न घालणारी माणसं मुकुंदरावांना आवडत, आणि नेमकी त्याच कारणानं त्यांची शंकाही येई.

पाचव्यांदा त्यांनी पुरावा मागितला. या बोर्डावर तीन सेन्सर. एक प्रोसेसरजवळ, एक बोर्डाच्या कडेला, आणि तिसरा बाहेर लोंबणाऱ्या तारेच्या टोकाला, मुगाच्या दाण्याएवढा. तो हवा तिथं ठेवता येतो. ‘तिसरा सेन्सर, ज्याचं तापमान आधीच ठाऊक आहे अशा जागी ठेवून तीन दिवस दर मिनिटाला नोंद घ्यावी,’ असं त्यांनी लिहिलं. नोंद आली. पहिले दोन आकडे दिवसा चढत होते, पहाटे उतरत होते, म्हणजे शहाण्यासारखे वागत होते. तिसरा आकडा एकोणचाळीस. सकाळी एकोणचाळीस, दुपारी एकोणचाळीस, पहाटे चारला एकोणचाळीस. चार हजार तीनशे वीस नोंदी आणि एकीतही दशांशाचा फरक नाही.

“मराठवाड्यात मार्च महिन्यात अशी कोणती जागा आहे,” मुकुंदराव स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “जी तीन दिवस एका अंशानं हलत नाही?”

“तुमची खुर्ची,” दमयंतीबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांनी पान उलटलं. जे बोलायचं ते कालच लिस्टवर बोलून बसले होते. ‘हे आकडे मोजलेले वाटत नाहीत, लिहिलेले वाटतात,’ असं त्यांनी सहाशे माणसांच्या देखत लिहिलं होतं. लिस्टवरचा सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो, पण कोणत्याही भाषेत त्याचा अर्थ एकच होत होता.

आणि आज सकाळी लिस्टवर उत्तर आलं नाही. त्यांच्या एकट्याच्या पत्त्यावर आलं, तेही मराठीत.

‘सर, नमस्कार. आकडे मी लिहिलेले नाहीत, यंत्रानंच दिलेले आहेत. कारण लिस्टवर लिहिण्यासारखं नाही. आपण संभाजीनगरला असता असं मेलखाली पाहिलं. मी बिडकीनला असते. शुक्रवारी मला सुट्टी असते. जमल्यास येऊन बघावं. रविवार गेला तर जूनपर्यंत थांबावं लागेल आणि तोवर माझं काम राहणार नाही.’

“काम राहणार नाही म्हणजे?” दमयंतीबाई हात पुसत बाहेर आल्या होत्या आणि खांद्यावरून वाचत होत्या.

“रविवारी कर्नलात नवं काही घ्यायचा या खेपेचा दरवाजा बंद होतो. मग दहा आठवड्यांनी उघडतो.”

“ते नव्हे. तिचं काम.”

मुकुंदरावांना ते ठाऊक नव्हतं. खरं तर ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी जानेवारीचे कागद काढले. पहिल्याच पत्रात एक परिच्छेद होता. तिच्या कारखान्यात याच बोर्डाचे चाळीस संगणक पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, उन्हाळ्यात तापून बंद पडतात आणि लाइन थांबते. बंद पडण्याआधी कळावं म्हणून ड्रायव्हर लिहिला आहे. अधिकृत कर्नलात गेल्याशिवाय मुख्य कचेरी तो बसवू देत नाही. आणि ती कंत्राटावर असून एप्रिलअखेर मुदत संपते, तोवर हे काम झालं तरच ती वाढेल. या सगळ्याभोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल होता आणि शेजारी मुकुंदरावांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: अनावश्यक मजकूर.

दमयंतीबाईंनी तो गोल पाहिला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“पाहिल्याशिवाय नाव देत नाही म्हणता ना? मग पाहिल्याशिवाय खोटं कसं म्हणता?”

“शुक्रवार आजच आहे,” मुकुंदराव पुटपुटले.

“मग निघा. तुमच्याशिवाय पाणी भरून होतं माझं.”

त्यांनी छापील कागद कापडी पिशवीत घातले, टोपी घातली आणि स्कूटर काढली. पैठण रोडला लागेपर्यंत त्यांच्या मनात दोन भाषणं तयार झाली होती. एक खोटेपणा कबूल झाल्यावर करायचं, थोडं मायेचं. दुसरं कबूल न झाल्यास करायचं. चितेगावच्या पुढं ऊन इतकं चढलं की दोन्ही भाषणं वितळली आणि पाणी प्यावं एवढंच मनात उरलं.

कोळेकरांचं घर बिडकीनच्या कडेला होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं काट्याकुपाट्यांचं कुंपण आणि त्यात पाच-सहा शेळ्या. घरधनी सोनाजी मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेले होते. दारात त्यांची बायको सखूबाई हातात दुधाची बाटली घेऊन उभ्या होत्या.

“सायेब आले गं,” त्यांनी आत सांगितलं. “या, बसा. लई उन्हाचं आलात. आधी पानी घ्या.”

ज्ञानेश्वरी बाहेर आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. कारखान्याचा निळा शर्ट सुट्टीच्या दिवशीही अंगात होता. ती वाकून पाया पडली, तेव्हा मुकुंदरावांची अडचण झाली, कारण ज्या माणसाला आपण सहाशे लोकांसमोर खोटारडं म्हटलं आहे त्याला आशीर्वाद काय द्यायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. “असू दे, असू दे,” ते म्हणाले.

आत कडब्याच्या खोलीत, एका पालथ्या खोक्यावर तो बोर्ड उघडाच मांडलेला होता. कारखान्यातून भंगारात निघालेला. पंखा फिरत होता, जुन्या पडद्यावर दर मिनिटाला तीन आकड्यांची एक ओळ उमटत होती. बोर्डातून निघालेली बारीक तार खोक्यावरून खाली उतरून गोणपाटाकडे गेली होती. मुकुंदरावांनी चष्मा नाकावर घेतला. चौपन्न. चव्वेचाळीस. एकोणचाळीस पूर्णांक शून्य.

“ही तिसरी तार कुठं ठेवली होती?” त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला होता.

“तिथंच, सर. आता आहे तिथं.”

“आता कुठं आहे?”

“करडाच्या जांघेत.”

मुकुंदराव खाली वाकले. गोणपाटावर काळं-पांढरं करडू पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं. तारेचं टोक त्याच्या मागच्या मांडीखाली गेलेलं होतं.

“आपणच लिहिलं होतं, सर,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “ज्याचं तापमान आधीच ठाऊक आहे अशा जागी. आमच्याकडं थर्मामीटर नाही. पण शेळीच्या पिल्लाचं अंग एकोणचाळीसच्या आसपास असतं, जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलंय. आणि जास्त झालं तर आईला कानाला हात लावून कळतं.”

“तिघं झाली शेळीला,” सखूबाई म्हणाल्या. “हे तिसरं. तिनं टाकलं ह्याला. पाजू देईना. मग मीच बाटलीवर धरलंय.”

मुकुंदराव सरळ उभे राहिले. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि ते स्वतःवर खूश झाले, कारण इतक्या उन्हात आपण न्याय करायला आलो आणि न्याय झाला. कोडं सुटलं होतं. खोली एकोणचाळीसवर थांबत नाही, करडू थांबतं. बेचाळीस देशांच्या माणसांनी भरलेल्या लिस्टवर ही गोष्ट कशी लिहावी, हे त्यांनी मनात जुळवायलाही घेतलं.

“एवढंच होय,” ते म्हणाले. “अहो, मग हे लिहायचं ना सरळ. यात लाजण्यासारखं काय आहे? उलट फार चांगली पद्धत आहे.”

ज्ञानेश्वरी आईकडे बघत राहिली.

“करडाचं लिहिता आलं असतं, सर,” ती हळूच म्हणाली.

सखूबाईंनी पाण्याचा तांब्या मुकुंदरावांपुढं ठेवला आणि पुन्हा उचलून स्वतःच्या हातात घेतला.

“सायेब, एक इचारू का? मी अडानी हाय, हसू नका.”

“विचारा की.”

“हे करडू निजलंय तोवर एकोनचाळीस. मान्य.” त्यांनी वाकून तार ओढून घेतली, तिचं टोक पदराला पुसलं आणि तांब्यात सोडलं. “आता हे माठातलं पानी. ह्याचं किती यावं?”

“पंचवीस-सव्वीस,” मुकुंदराव म्हणाले.

“बरं. बघा मग.”

चौघंही पडद्याकडे बघत उभी राहिली, म्हणजे तिघं उभी आणि करडू नुकतंच जागं होऊन डुलत. एक मिनिट फार मोठं असतं, विशेषतः तहान लागलेली असून समोरच्या तांब्यात तार असेल तर. पडद्यावर ओळ उमटली. चौपन्न. चव्वेचाळीस. एकोणचाळीस पूर्णांक शून्य.

“तार सैल असेल,” मुकुंदराव म्हणाले.

ज्ञानेश्वरीनं तार दाबून दाखवली. पुढची ओळ आली. एकोणचाळीस पूर्णांक शून्य.

“आता काय म्हनावं,” सखूबाई म्हणाल्या. “पहिल्याच दिशी मी हिला बोलले. म्हनलं, करडू उठून तासभर झाला, दारात उड्या मारतंय, आन तुझं यंत्र अजून त्याचाच ताप सांगतंय. मरतुकड्या शेळीचा कान धरला तरी मला कळतं, ह्याला कसं नाय कळत?”

मुकुंदरावांनी कपाळ पुसलं. आता ते पुन्हा आपल्या राज्यात आले होते. यंत्र चुकतंय म्हणजे ड्रायव्हर चुकतोय, आणि ड्रायव्हरमधली चूक हुडकणं हा तर त्यांचा हातचा मळ. सूत्र चुकलं असेल, किंवा भलताच पत्ता वाचला जात असेल. ते पिशवीकडे वळले. पिशवी आडवी पडली होती आणि करडू त्यातून निघालेल्या कागदांचा तिसरा घास घेत होतं.

“अगं बया,” सखूबाईंनी त्याला ओढलं. तोंडातून अर्धं पान निघालं. त्यावर तांबड्या अक्षरात ‘अश’ एवढंच वाचता येत होतं.

“राहू द्या,” मुकुंदराव म्हणाले. “पडद्यावर दाखवा. तिसऱ्या सेन्सरचा भाग.”

ज्ञानेश्वरीनं फाइल उघडली. ती पानं सरकवत खाली गेली, एका जागी थांबली आणि खुर्चीवरून उठली. “बसा सर,” म्हणाली, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मुकुंदराव बसले. समोर अकरा ओळी होत्या. त्या त्यांनी पाचव्या खेपेला वाचल्या होत्या, सहाव्या खेपेलाही वाचल्या होत्या, निदान तसं त्यांना वाटत होतं. पण आपलंच अक्षर माणूस वाचत नाही, ओळखून पुढं जातो. आता पुढं जायला जागा नव्हती म्हणून त्यांनी वाचल्या.

बाहेरचा सेन्सर मंद असतो, त्याला सारखं विचारू नये, असं त्यांचंच मत होतं. म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं की आकडा एकदा आणला की जपून ठेवायचा, आणि तो दोन सेकंदांपेक्षा जुना झाला की नवा आणायचा. कल्पना चोख होती. लिहिताना मात्र तुलनेचं चिन्ह उलटं पडलं होतं. ओळ म्हणत होती, आकडा ताजा असेल तरच नवा आण, शिळा असेल तर आहे तोच सांग. मिनिटाला एकदा विचारणाऱ्याला ती जन्मभर पहिलाच आकडा सांगत राहिली असती. करडू मोठं होऊन बाजारात गेलं असतं तरी एकोणचाळीस.

पंखा फिरत होता. सखूबाईंनी तांब्यातली तार काढली, पाणी बाहेर ओतलं आणि नवं आणून दिलं. मुकुंदराव ते एका दमात प्यायले.

“तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“त्याच संध्याकाळी, सर. आई म्हणाली म्हणून शोधलं.”

“मग दुरुस्त का नाही केलं?”

“जसंच्या तसं वापरावं, असं होतं ना. बदललं असतं तर का बदललं ते लिस्टवर लिहावं लागलं असतं.” ती नखानं भिंतीचा पोपडा काढत होती. “म्हणून नोंद तशीच पाठवली. वाटलं, आकडे बघून सरांना आपोआप कळंल.”

“आणि मी म्हणालो, लिहिलेले आहेत.”

तिनं पोपड्याचा चुरा बोटांवरून झाडला.

“तेव्हा तरी सांगायचं, माझ्या एकट्याला. मेलमध्ये.”

“लिहायला घेतलं होतं, सर. तीनदा. नाही जमलं.” मग ती म्हणाली, “आणि लिस्टवर तर सहाशे माणसं वाचतात. तिथं मी कसं म्हणू, सरांची ओळ चुकली म्हणून? बरं नाही दिसत ते.”

मुकुंदरावांना लाज वाटली. चांगली, कानापर्यंत चढणारी लाज. त्यांनी त्याच सहाशे माणसांत हिला खोटं ठरवलं होतं आणि त्यांना ते मुळीच जड गेलं नव्हतं. उलट त्या वाक्यातला तोल बरा साधला म्हणून त्यांनी ते दमयंतीबाईंना वाचूनही दाखवलं होतं.

“चुकतंय सायेब,” सखूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर करडू बाटली ओढत होतं. “आमचे धनी तीस वर्सं मेंढरं मोजतेत. अजून एखांदं चुकतंच. मग पुन्ना मोजायचं, आजून काय.”

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी आणि पिठलं खाऊन, चघळलेल्या कागदांची पिशवी खांद्याला लावून, मुकुंदराव चारच्या सुमाराला घरी पोचले. पिंप भरलेलं होतं.

“कबूल झाली?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“व्हायचंय,” मुकुंदराव म्हणाले. “मला.”

दिवेलागणीपर्यंत ते लिहीत होते. आधी बावीस ओळी झाल्या. त्यांत उन्हाळा होता, निवृत्तीनंतर आलेला डोळ्यांचा थकवा होता आणि असली चूक कुणाच्याही हातून कशी होऊ शकते याचं विवेचन होतं. ते सगळं त्यांनी छापलं, तांबडी पेन्सिल घेतली आणि भोवती गोल केला. अनावश्यक मजकूर. मग उरलं ते एवढंच: ‘आकडे खरे होते. ते लिहिलेले आहेत असं मी म्हणालो, ते चूक होतं. दोष ज्या ओळीत आहे ती ओळ माझी आहे.’ खाली दुरुस्ती जोडली. लिस्टवर ज्यानं दोष दाखवला त्याचं नाव द्यायची रीत आहे, म्हणून पुढं लिहिलं: ‘दोष दाखवला: सखूबाई कोळेकर.’ नावापुढं ईमेलचा पत्ता लागतो. तो नसल्यानं त्यांनी मुलीचा दिला. आणि सगळ्यात शेवटी, अकरा वर्षांच्या सवयीनं हात आपोआप गेला: ‘तपासले: मुकुंद चौसाळकर.’

पाठवल्यावर त्यांनी रात्री दोनदा दार लावलं आहे का ते पाहिलं.

शनिवारी सकाळी लिस्टवर उत्तरं होती. आकाश कोसळलं नव्हतं. एका फिनलंडच्या माणसानं कुतूहलानं विचारलं होतं की सखूबाई कोळेकर यांनी हा दोष कोणत्या उपकरणानं पकडला. मुकुंदरावांनी लिहिलं, ‘तांब्याभर पाणी.’ त्यावर त्या माणसानं त्याचं मॉडेल विचारलं.

त्याखाली आणखी एक मेल होता. ज्ञानेश्वरी कोळेकर. लिस्टवर, सगळ्यांना.

‘सर, दुरुस्ती मी आमच्या बोर्डावर चालवून पाहिली. आकडा आता हलतो. परंतु शेवटच्या ओळीत आपण “तपासले” असं लिहिलं आहे. हे कोणत्या बोर्डावर तपासलं? माझ्या माहितीप्रमाणे आपल्याकडे हा बोर्ड नाही. पाहिल्याशिवाय नाव देऊ नये. एकतर ती ओळ काढावी, नाहीतर तपासून पुन्हा पाठवावं. तोपर्यंत हे घेता येणार नाही.’

मुकुंदरावांनी मेल दोनदा वाचला. मग छापला. खुर्चीत नीट बसून, पेन्सिल हातात घेऊन तिसऱ्यांदा वाचला. एक दिवस उरला होता. ती गप्प बसली असती तर ड्रायव्हर उद्या कर्नलात गेला असता, चाळीस संगणक वाचले असते आणि तिचं कामही. ती ओळ कुणाच्याही नजरेत आली नसती. समास कोरा होता आणि त्यात लिहिण्यासारखं त्यांना काही सापडेना.

“काय झालं?” दमयंतीबाई चहा घेऊन आल्या.

“परत पाठवलं,” मुकुंदराव म्हणाले. “माझं.”

दमयंतीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लेक पहिल्यांदा एकटी सायकल चालवत कोपऱ्यापर्यंत गेली होती, त्या दिवशी तो असा झाला होता.

“ओळच काढायची ना? काढून टाका. मिनिटाचं काम.”

“मिनिटाचंच आहे.” त्यांनी चहा अर्ध्यावर ठेवला आणि ते टोपी शोधायला लागले. “स्कूटरची किल्ली कुठं आहे?”

“आता कुठं निघालात?”

“तपासायला.”

दमयंतीबाईंनी खुंटीवरची किल्ली दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा घेऊन आल्या.

“कागद यात न्या,” त्या म्हणाल्या.